पाऊस चांगला झाला की आमचा डोंगर पेटतो

बरडावरचा

राम राम मंडळी. भूम तालुक्यात आमचं गाव. गावाच्या वरच्या अंगाला बालाघाटाची एक सोंड उतरते. पायथ्याला गायरान, त्याच्या वर वनखात्याची हद्द. शिवरात्र होऊन चार दिवस झाले होते. दुपारी अडीचच्या सुमाराला खालच्या वस्तीवरून फोन आला, "डोंगराला जाळ लागलाय, माणसं घेऊन या." आम्ही पोचेपर्यंत जाळ अर्ध्या चढावर गेला होता. गवत मांडीच्या वर, वाळून पिवळं झालेलं, आणि वारा खालून वर. पन्नास-साठ माणसं होतो. हातात लिंबाचे डहाळे, पाण्यात बुचकळलेली पोती आणि दोन फवारणीचे पंप. जाळ समोरून आला की चेहरा भाजतो, उभं राहवत नाही. म्हणून बाजूबाजूने झोडपत गेलो. सात वाजता वारा पडला आणि वरच्या पाझर तलावाच्या रस्त्याला येऊन आग थांबली. आम्ही ती विझवली असं मी म्हणणार नाही.

शाळेच्या पोरांनी चार उन्हाळे घागरीने पाणी घालून जगवलेली साडेतीनशे झाडं गेली. लिंब, चिंच, सीताफळ. दोन गंजी कडबा गेला. माझ्या चुलत्यांचे पाय भाजले; आता काठी घेऊन चालायलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी राखेतून फिरलो तेव्हा सशाची दोन पिल्लं सापडली, एकमेकांना चिकटलेली. सरड्यांची तर मोजदादच नाही.

चुलते खाटेवर पडून एक वाक्य बोलले, ते डोक्यातून जात नाही: "दुष्काळात तरी डोंगर जळत नव्हता." मी वर्षं आठवत बसलो. गावातल्या चार जुन्या माणसांना विचारलं. जमलं ते असं.

२०१५ चा पाऊस हुकला आणि २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. त्या उन्हाळ्यात ऊन काय कमी होतं? पण आमच्या डोंगरावर आग नाही. पेटायला होतंच काय? जनावरांनी मुळापर्यंत खरडलेला मुरूम. त्याच २०१६ च्या पावसाळ्याने हात दिला, आणि २०१७ च्या मार्चमध्ये डोंगर दोनदा पेटला. २०१८ ला पाऊस पुन्हा तुटला, २०१९ चा उन्हाळा चारा छावणीत गेला, डोंगर शांत. २०१९ ला पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला, २०२० ला आग. २०२१ ला गुलाब चक्रीवादळाचा पाऊस आला, मांजरा धरणाचे सगळे दरवाजे उघडावे लागले, आणि २०२२ चा मार्च हा देशात १९०१ पासूनचा सगळ्यात तापलेला मार्च निघाला. त्या एका महिन्यात आमच्या शिवारात तीन आगी. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला, २०२४ च्या उन्हाळ्यात काही नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला महापूर आला, शेतं खरवडून गेली, पण डोंगरावर गवत मात्र असं आलं की म्हातारी माणसं म्हणायची, असं गवत बघून वीस वर्षं झाली. त्या गवताचं काय झालं ते वर सांगितलं.

म्हणजे आमच्याकडे आगीचं वर्ष कोणतं हे उन्हाळ्यात ठरत नाही, ते आधीच्या भाद्रपदात ठरतं. हवामान बदलामुळे ऊन वाढणार आणि म्हणून वणवे वाढणार, एवढंच आपण ऐकतो. माळाला ते अर्धंच लागू पडतं. माळाला पेटायला आधी भरपूर पाऊस लागतो आणि मग लवकर आलेलं कोरडं ऊन. आणि नेमक्या याच दोन गोष्टी वाढतायत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं होतं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. दुसऱ्या बाजूला फेब्रुवारी बघा. २०२३ च्या फेब्रुवारीत देशाच्या कमाल तापमानाचा १९०१ पासूनचा उच्चांक झाला, २०२५ च्या फेब्रुवारीत सरासरी तापमानाचा. आमच्या मराठवाडा विभागाची पावसाची सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास. ती सरासरी कागदावर तशीच राहील. पण एक वर्ष गवतच नाही आणि पुढच्या वर्षी मांडीएवढं, असं होत राहिलं तर डोंगर राखायचा कसा?

तुमच्या भागात काय दिसतं ते लिहा. मराठवाडा म्हणजे एकसारखी जमीन नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच विचारतोय.

मंठ्याची_लेक

वाचून अंगावर काटा आला दादा. चुलत्यांना लवकर बरं वाटो.

आमच्याकडे डोंगर नाही, सगळी काळी जमीन. पण धुरे, म्हणजे शेताचे बांध, पेटवायची सवय आहे. तूर निघाली, कापसाच्या पऱ्हाट्या उपटल्या की लोक धुऱ्याला काडी लावतात आणि चहाला घरी येतात. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या धुऱ्याचा जाळ आमच्या आखाड्यावर आला. सोयाबीनची गुळी, कडबा, ठिबकच्या नळ्या, सगळं. बैल सोडायला माझा भाऊ आत गेला होता. बैल वाचले. त्या दिवसापासून आमच्या घरात धुरा पेटवायचा विषय कायमचा बंद आहे.

पैनगंगाकाठ

तुमचं निरीक्षण खरं असणार, पण आमच्याकडे गणित उलटं आहे, म्हणून लिहितो.

मी किनवटच्या बाजूचा. आमच्याकडे सागाचं जंगल, मध्ये मध्ये धावडा, मोह, टेंभुर्णी. आमच्या जंगलात जळायला काही नाही असं वर्षच येत नाही. पाऊस कमी पडो की जास्त, साग पान गाळणारच. ते मोठं पान वाळलं की पापडासारखं होतं आणि एकावर एक थर बसतो, खाली हवा खेळती. पाऊस कमी पडला तर काय होतं? जमिनीतली ओल लवकर संपते, झाड लवकर पान टाकतं. जे होळीच्या सुमाराला व्हायचं ते संक्रांतीनंतर लगेच सुरू होतं. नाल्यांतलं पाणीही आटलेलं, त्यामुळे आग अडायला जी ओली रेघ असते तीही नाही. म्हणजे आमच्याकडे दुष्काळाचं वर्ष ते आगीचं वर्ष. चांगल्या पावसाच्या वर्षी नाल्याकाठची झाडं मार्चपर्यंत हिरवी असतात आणि जाळ तिथे येऊन मरतो.

आणखी एक. मोहाची फुलं मार्च-एप्रिलात पडतात. पाचोळ्यात फूल दिसत नाही म्हणून झाडाखालचा पाला जाळायची जुनी रीत. माझी आई खराट्याने झाडून घ्यायची, त्याला अर्धी सकाळ जायची, काडी लावली की दहा मिनिटांचं काम. गरिबाने दहा मिनिटांचं काम निवडलं तर त्याला नुसतं गुन्हेगार म्हणून कसं चालेल? पण पूर्वी पहाटेच्या दवात तो जाळ झाडाच्या घेरातच विझायचा. आता विझत नाही. लोक तेच, रीत तीच, पाला तोच. हवा बदललीय. आता काही जण मोहाखाली जुन्या साड्या जोडून किंवा जाळी अंथरून फूल गोळा करायलेत. फूल स्वच्छ राहतं, भावही बरा मिळतो. हे वाढायला पाहिजे.

रोखठोक_जालना

सगळं वाचलं. नुकसान झालं त्याचं वाईट वाटतं. पण माझं मत वेगळं आहे आणि मी ते स्पष्ट लिहितो.

आपल्याकडे आग आपोआप लागत नाही. बिडी, धुरा, नवं गवत यावं म्हणून लावलेली काडी, तारांचं घर्षण, कुणाचा तरी राग. सगळी माणसाची करणी. हवामान बदल म्हटलं की काडी लावणारा सुटतो आणि आपणही "काय करणार, जगाचं हवामान बदललंय" म्हणून हात झटकतो. आधी काडी लावणारा शोधा. निम्म्याहून जास्त प्रश्न तिथेच सुटेल.

जुना_वनपाल

रोखठोक यांचं म्हणणं मी तीस वर्षं नोकरीत असताना स्वतःही म्हणायचो, त्यामुळे उत्तर द्यावंसं वाटतं.

काडी माणूस लावतो, याबद्दल वाद नाही. राखीव जंगलात आग लावणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहेच. त्याच कायद्याच्या कलम ७९ मध्ये जंगलाशी हक्काने जोडलेल्या गावकऱ्यांवर आग विझवायला मदत करण्याची जबाबदारीही टाकलेली आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. पण माझ्या नोकरीत काड्या काही दरवर्षी कमीजास्त होत नव्हत्या. गुराखी तेवढेच, बिड्या तेवढ्याच. तरी एका वर्षी बीटमध्ये चार एकर जळायचं आणि दुसऱ्या वर्षी दोनशे. लागणं आणि पसरणं ही दोन वेगळी कामं आहेत. लावतो माणूस, पसरवते हवा.

पसरण्याचं थोडं सांगतो, कारण विझवायला जाणाऱ्या पोरांना ते माहीत पाहिजे. वाळलेलं गवत तासाभरात हवेसारखं होतं. सकाळी दव असेल तर नऊ वाजता पेटणार नाही, बारा वाजता तेच गवत काडी लागताच भडकेल. चढावर आग वेगाने जाते. ढोबळ हिशेब असा की चढ दर दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून जाळाच्या वरच्या बाजूला कधीही उभं राहू नका. बरडावरचा, तुमच्या चुलत्यांचे पाय भाजले ते बहुतेक असंच झालं असेल. जळून गेलेल्या काळ्या भागातून आत शिरायचं आणि कडेकडेने झोडपत पुढे जायचं. काळा भाग ही सगळ्यात सुरक्षित जागा.

आता हवेचं. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. ऐकायला हे पावसाचं वाटतं, पण समुद्र लांब असलेल्या आपल्या भागात उन्हाळ्यात ते बाष्प येणार कुठून? मग ती हवा गवतातून, पाल्यातून, मातीतून ओल ओढते. रात्रीचं तर मला जास्त जाणवलं. आम्ही आग रात्री विझवायचो. दहानंतर गारवा यायचा, गवत थोडं मऊ पडायचं, जाळ गुडघ्याखाली यायचा. नोकरीच्या शेवटच्या पाच-सहा वर्षांत रात्री एक वाजताही जाळ तसाच उभा असायचा. पोरं थकायची, आग थकायची नाही.

खात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळे केलेले पट्टे, त्याआधी काढून, त्यातला कचरा जाळून तयार पाहिजेत. फेब्रुवारीच तापायला लागल्यावर हे वेळापत्रक एक महिना आधी आणलं पाहिजे, हे माझं ठाम मत. जानेवारीत जाळरेषा जाळायला गेलो आणि ती आगच हातातून सुटली, असं माझ्या हातून एकदा घडलेलं आहे. त्या दिवशी सागाची सहा वर्षांची लागवड गेली. आजही त्या वाटेने जात नाही.

उपग्रहाचंही विचारलं जातं म्हणून लिहितो. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीचा इशारा मोबाइलवर देते. कुणालाही नाव नोंदवता येतं. नोंदवाच. पण त्यावर विसंबू नका. एक यंत्रणा एक किलोमीटरचा ठिपका बघते, दुसरी ३७५ मीटरचा, आणि आपल्या डोक्यावरून त्यांची मुख्य फेरी दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आसपास. गवताची आग अडीचला लागून सातला संपली तर ती बहुतेक वेळा नोंदलीच जात नाही. सागाच्या पाल्याची आग दोन दिवस धुमसते, ती दिसते. म्हणून नकाशावर किनवट लाल दिसतं आणि बालाघाट स्वच्छ. बालाघाट जळत नाही असा त्याचा अर्थ काढू नये.

बरडावरचा

वनपालकाका, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. आमची आग अडीच ते सात. म्हणजे ती कुठल्याच नकाशात नसणार. आणि गायरानाचा भाग तर वनखात्याचाही नाही.

चुलत्यांचं तुम्ही म्हणालात तसंच झालं. ते वरून अडवायला गेले होते.

लातूर_ते_मेलबर्न

मूळचा औशाचा, बारा वर्षं ऑस्ट्रेलियात. बरडावरचा आणि पैनगंगाकाठ दोघांचंही बरोबर आहे, आणि या एका देशात दोन्ही गणितं शेजारी शेजारी बघायला मिळतात म्हणून लिहितोय.

२०१९-२० च्या वणव्यांबद्दल सगळ्यांनी ऐकलं असेल. ते मुख्यतः आग्नेय किनाऱ्याकडच्या निलगिरीच्या जंगलांत होते. तिथे २०१७ पासून दुष्काळ होता आणि २०१९ हे देशाच्या नोंदीतलं सगळ्यात उष्ण आणि सगळ्यात कोरडं वर्ष. जंगलात लाकूडफाटा नेहमीच असतो. नेहमी ओल्या राहणाऱ्या दऱ्याही त्या वर्षी वाळल्या आणि सगळं एकदम गेलं. हे किनवटचं गणित.

पण या देशात क्षेत्राच्या हिशेबाने सगळ्यात मोठा आगीचा हंगाम तो नव्हे. तो १९७४-७५ चा. सुमारे ११ कोटी ७० लाख हेक्टर जळालं, म्हणजे देशाचा सुमारे १५ टक्के भाग. आणि ते कुठे? मधल्या वाळवंटी, गवताळ पट्ट्यात, जिथे एरवी पेटायला काही नसतं. कारण त्याआधी तिथे न भूतो असा पाऊस झाला होता, ओसाड जमिनीवर गवत उभं राहिलं आणि वाळलं. माणसं कमी म्हणून ती आग फारशी कुणाच्या लक्षातही नाही. हे भूमचं गणित.

लॉस एंजेलिसची जानेवारी २०२५ ची आगही अशीच. आधीचे दोन हिवाळे भरपूर पावसाचे, डोंगरउतारांवर गवत आणि झुडपं माजलेली. मग आठ-नऊ महिने जवळपास थेंब नाही आणि वर डोंगरावरून उतरणारा कोरडा सोसाट्याचा वारा. सोळा हजारांवर बांधकामं गेली. तिथले शास्त्रज्ञ या ओल्या-कोरड्या हेलकाव्याबद्दलच बोलतात.

हवाईतल्या लाहायनाचं मला सगळ्यात जवळचं वाटतं. ऑगस्ट २०२३, शंभरावर माणसं गेली. उसाचे मळे बंद पडले, त्या पडीक जमिनीवर बाहेरून आणलेलं गिनी गवत पसरलं आणि वाळून उभं राहिलं. तेच गिनी गवत आपण धुऱ्याला वैरणीसाठी लावतो. आपल्याकडे ते कापलं जातं म्हणून धोका नाही. कापायचं थांबलं तर?

शेळ्यामेंढ्या

माझा बाप मेंढरं राखायचा, मी आता शेती करतो. पाटोद्याकडचा. गवताचं मला कळतं म्हणून बोलतो.

डोंगर जाळला की पहिल्या पावसात गवत जोमाने येतं, असं सगळे म्हणतात. येतं, खरंय. पण कोणतं येतं ते बघा. पवन्या, मारवेल ही खायची गवतं. पण वाढती ती कुसळी. तिच्या दाण्याच्या मागं लांब कुसळ असतं. दवाने ओलं-कोरडं होताना ते पीळ घेतं आणि दाणा जमिनीत रुतवतं. वरून जाळ गेला तरी तो मातीत सुरक्षित. दरसाल जाळलेल्या डोंगरावर कुसळीच कुसळी दिसती. ती कोवळी असताना जनावर खातं, कुसळ धरलं की मेंढराच्या तोंडात, लोकरीत, कातड्यात घुसती. मग ती कुणी खात नाही, ती तशीच वाळती, आणि पुढच्या साली जळायला तीच तयार. जाळल्यानं चारा वाढतो म्हणणाऱ्यानं दहा सालं जाळलेला आणि दहा सालं राखलेला डोंगर शेजारी शेजारी बघावा.

दुसरं. पूर्वी दिवाळीपासून गवत कापून न्यायचे लोक. भारे बांधून बैलगाड्या भरायच्या. आता गावात बैल किती राहिले? म्हशीला मका आणि पेंड घालतात. वर, झाडं लावली की त्या तुकड्याला चराई बंद. झाडाला राखायचं म्हणून मेंढरं बाहेर, पण गवत कापायला कुणीच आत नाही. रोपं गवतात बुडतात आणि एका दुपारी गवतासकट जातात. मेंढरू आत सोडा म्हणत नाही मी. विळा तरी आत जाऊ द्या.

रोखठोक_जालना

शेळ्यामेंढ्या, हे मी कधी ऐकलं नव्हतं. कुसळीचं पटलं.

वनपालकाकांचं "लागणं आणि पसरणं" हेही मान्य. पण मग माझा मुद्दा जास्त घट्ट होतो. हवा आपल्या हातात नाही, काडी आणि गवत आपल्या हातात आहे. गायरान कुणाचंच नाही म्हणून ते कुणी कापत नाही, कुणी राखत नाही. शेतावरून जाणाऱ्या लोंबत्या तारा, डीपीखालचं वाळलेलं गवत, हे तर पावसाळ्याआधीच नव्हे, दिवाळीनंतरही साफ केलं पाहिजे. आमच्या शेतात मी डीपीभोवती दोन मीटर नांगरून ठेवतो. पंधरा मिनिटांचं काम आहे.

परभणीची_माती

शेतीचं शिकलेय, म्हणून मंठ्याच्या ताईंच्या मुद्द्यावर. धुरे, पऱ्हाट्या, उसाचं पाचट जाळणं ही आता मराठवाड्यात नुसती सवय राहिलेली नाही, ती हिशेबाची गोष्ट झालीय. मजूर मिळत नाही, मजुरी परवडत नाही, पुढच्या पिकाची घाई असते. उसाच्या खोडव्यात पाचट जागेवर ठेवून कुजवलं तर पाण्याची एखादी पाळी वाचते, पऱ्हाट्यांचा चुरा करणारी यंत्रं भाड्याने मिळतात. पण यंत्र वेळेवर मिळालं पाहिजे. शेतकरी जानेवारीत थांबेल, मार्चमध्ये थांबणार नाही.

आणि जळालेल्या डोंगराची गोष्ट जूनमध्ये संपत नाही, यावर कुणी बोललं नाही. बालाघाटावर मातीचा थर आधीच विरळ, खाली मुरूम. गवताचं आच्छादन गेलं की पहिल्याच वळवाच्या सरीने ती माती खाली येते. आता सरी कशा येतायत ते आपण बघतोय. तासाभरात महिन्याचा पाऊस. बरडावरचा, तुमचा वरचा पाझर तलाव या पावसाळ्यात गाळाने किती भरतो ते एकदा काठी रोवून बघा. शक्य असेल तर मेअखेर जळालेल्या उतारावर दगडांच्या आडव्या ओळी घाला, काट्याकुट्या आडव्या टाका. समतल चर असतील तर त्यांतला गाळ काढून ठेवा. लागवडीची घाई या वर्षी करू नका. आधी गवत येऊ द्या.

वेरूळपासून_जवळ

एप्रिल २०२५ मध्ये देवगिरी किल्ल्यावर आग लागली तेव्हा आम्ही गच्चीवरून बघत होतो. अंधार पडला तरी डोंगर दिसत होता. आमच्या गौताळ्याकडे तर दोन्ही आहे, वर माळ आणि घळीत झाडी. माळ पेटतो गवताच्या वर्षी, आणि घळ एरवी वाचते. पण गवताच्या वर्षीच मार्च फार तापला तर माळावरचा जाळ घळीत उतरतो. एकदा उतरलेला मी पाहिलाय. त्या घळीत उंबराचं एक झाड होतं, खाली बारमाही ओल असायची. ते गेलं.

पैनगंगाकाठ

उंबर जळणं म्हणजे फारच झालं. आमच्याकडे उंबराखाली जाळ कधी जातच नाही असं आजोबा सांगायचे.

जुना_वनपाल

वेरूळच्या ताई, तुम्ही लिहिलंत ते सगळ्यात काळजीचं आहे. गवताचं वर्ष आणि तापलेलं वर्ष पूर्वी सहसा एकत्र येत नव्हतं. जास्त पावसाच्या सालानंतर जमिनीत ओल असायची, थंडी लांबायची, उन्हाळा सौम्य जायचा. २०२२ मध्ये दोन्ही एकत्र आलं आणि या वर्षी बरडावरचा यांच्या डोंगरावर तेच. दोन्ही गणितं एकाच वर्षात लागली तर माळ आणि झाडी असा फरकच उरणार नाही.

परभणीच्या ताईंच्या यादीत एकच भर. दगडी ओळी घालताना जळक्या झाडांचे बुंधे लगेच तोडू नका. लिंब, सीताफळ, चिंच खालून फुटतात. पहिल्या पावसानंतर महिनाभर वाट बघा, मग काय मेलं ते ठरवा.

बरडावरचा

चार दिवस धागा बघत होतो, सगळ्यांचे मनापासून आभार. काल ग्रामसभेत बोललो. जे ठरलं ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वर्षी मला कुणी विचारू शकेल.

गायरानावरचं गवत कार्तिकात, अजून अर्धं हिरवं असताना कापायचं. ज्याला वैरण पाहिजे त्याने फुकट न्यावं, अट एकच: त्याने रस्त्याच्या आणि वस्तीच्या कडेचा दहा फुटी पट्टा आधी कापून द्यायचा. बचत गटातल्या बायकांनी एक गोष्ट सुचवली जी आम्हा पुरुषांना सुचली नव्हती: पावसाळा संपताना गवत किती उंच आहे ते शाळेच्या भिंतीवर खुणेने लिहायचं. गुडघ्याच्या वर असेल तर त्या वर्षी जाळपट्टा दुप्पट रुंद आणि शिमग्यापर्यंत दुपारची पाळी लावून राखण. गवत घोट्याएवढंच असेल तर ती मजुरी पाण्याच्या टँकरला. दरवर्षी तेच तेच करत बसायचं नाही, डोंगर बघून ठरवायचं.

फॉरेस्टच्या तुकड्यात आत जाऊन गवत कापायची परवानगी मागणारा अर्ज वनरक्षकांच्या हातात दिला आहे. ते स्वतः त्या दिवशी आमच्याबरोबर डहाळा घेऊन होते, त्यामुळे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

पाझर तलावात काठी रोवली आहे. साडेतीनशे झाडांपैकी एकाही बुंध्याला हात लावलेला नाही. पोरांनी प्रत्येकाला सुतळी बांधून नंबर घातलाय, फूट आली की इथे फोटो टाकतो.

शेळ्यामेंढ्या

सीताफळं फुटतील. बुडाशी माती ओढून ठेवा. कार्तिकात आमच्याकडून आठ विळेवाले येतील, वैरण आम्हाला लागतीच.